आधी काय संपेल?

वडोदरा आणि रसायनशास्त्र यांचे नाते जुने आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. वस्त्रांच्या रंगाईसारखी कामे रसायनशास्त्राच्या आधारे, आणि तीही विद्यार्थ्यांना समजणाऱ्या भाषेत, शिकवावीत हा त्या संस्थेचा आग्रह होता. आज शहराच्या एका अंगाला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे, तर बाजव्याजवळ, १९६२ साली स्थापन झालेल्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्सच्या आवारात, खतासाठी अमोनिया तयार होतो.

दांडिया बाजारातील एका शिकवणीवर्गात अकरावीची मुले याच अमोनियाचे गणित सोडवीत आहेत. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात स्टॉइकिओमेट्री येते. अभिक्रियेत कोणता पदार्थ किती लागतो, त्यातून काय आणि किती मिळते, याचा तो हिशेब. समीकरण संतुलित करणे बहुतेकांना जमते, मोल, म्हणजे रेणूंचा एक ठरावीक मोठा गठ्ठा, काढण्याचे सूत्रही पाठ असते. पण दोन्ही पदार्थांची मापे दिलेली असली की हात अडतो, कारण त्यांतला कोणता पदार्थ आधी संपेल हा प्रश्न मुलांच्या मनात उमटलेलाच नसतो. येथील शिक्षिकांनी पत्त्यांचा खेळ बसवला आहे तो एवढ्या एका प्रश्नासाठी.

वर्गाचे चार-चार जणांचे गट केले जातात आणि प्रत्येक गट म्हणजे एक कारखाना. निळा पत्ता म्हणजे नायट्रोजनचा एक रेणू, पांढरा पत्ता म्हणजे हायड्रोजनचा एक रेणू. एक निळा आणि तीन पांढरे पत्ते जमा केले की अमोनियाचे दोन पिवळे पत्ते हाती येतात. पहिल्या गटाला पाच निळे आणि नऊ पांढरे पत्ते मिळाले आहेत. नायट्रोजन पाचच आहे, तेव्हा तोच आधी संपणार, असे एक मुलगा ठामपणे सांगतो. समोरची मुलगी त्याच्याशी वाद घालत नाही. ती बाकावर एका निळ्या पत्त्याखाली तीन पांढरे, अशा रांगा लावू लागते. तिसऱ्या रांगेला पांढरे पत्ते संपतात आणि दोन निळे पत्ते तिच्या हातातच राहतात. संख्येने जास्त असलेला हायड्रोजन आधी संपला, हे त्या मुलाला आता कोणी सांगावे लागत नाही. अमोनियाचे सहा रेणू झाले आणि हायड्रोजन हा येथे मर्यादी अभिक्रियाकारक, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ, ठरला.

शेजारच्या गटाकडे दोन निळे आणि बारा पांढरे पत्ते होते. त्यांचे चार रेणू तयार झाले आणि सहा पांढरे पत्ते पडून राहिले. आता बाजार उघडतो. पहिला गट एक निळा पत्ता देऊन तीन पांढरे मागतो. दुसरा गट थोडी घासाघीस करतो, मग कबूल होतो. या एका सौद्याने दोन्ही कारखान्यांत आणखी दोन-दोन रेणू तयार होतात आणि कोणाकडेच काही शिल्लक राहत नाही. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ही देवाणघेवाण चाललेली असते आणि शिक्षिका त्या वेळी मुद्दाम गप्प राहतात.

गुण कशाचे द्यायचे, यावर अशा खेळाचे यश ठरते, असे आम्हाला येथे पाहताना जाणवले. सर्वांत आधी उत्तर देणाऱ्याला बक्षीस ठेवले, तर दोन हुशार मुले खेळतात आणि बाकीचे बघत राहतात. येथे वेगाला गुण नाहीत. काय वापरले, काय तयार झाले आणि काय उरले, या तिन्ही गोष्टी वहीत जुळवून लिहिल्याखेरीज फेरी पूर्ण झाली असे धरले जात नाही.

अवघड टप्पा यानंतर येतो, कारण कारखान्यात रेणू मोजून मिळत नाहीत, वजन करून मिळतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक पत्ता एका मोलचा होतो आणि त्यावर वस्तुमान छापलेले असते: नायट्रोजन २८ ग्रॅम, हायड्रोजन २ ग्रॅम, अमोनिया १७ ग्रॅम. प्रत्येक गटाला दोन्ही वायू समान वजनाचे, २८-२८ ग्रॅम, दिले जातात. वजन सारखे म्हणजे प्रमाणही सारखे, ही समजूत पाकीट उघडताच मोडते. एका पाकिटातून एकच निळा पत्ता निघतो आणि दुसऱ्यातून चौदा पांढरे. या वेळी नायट्रोजन आधी संपतो, ३४ ग्रॅम अमोनिया मिळतो आणि २२ ग्रॅम हायड्रोजन उरतो. दोन्हींची बेरीज पुन्हा ५६ ग्रॅम भरते. ही बेरीज प्रत्येकाने स्वतः करावी, असा शिक्षिकांचा कटाक्ष असतो, कारण पडताळा पाहण्याची सवय लागली की उत्तरासाठी पुस्तकाचे शेवटचे पान उघडावे लागत नाही.

पत्ते बाजूला ठेवून शेवटी बाटल्या मांडल्या जातात. आम्ल आणि अल्कली ठरावीक वजनांतच एकमेकांना उदासीन करतात, हे जर्मन रसायनज्ञ येरेमियास रिश्टर यांनी १७९०च्या दशकात मोजून दाखवले होते. मुले आता तसेच काहीसे स्वतः मोजणार आहेत. चार बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर व्हिनेगर आहे आणि त्यात ५ टक्के, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, ॲसेटिक आम्ल आहे. चार फुग्यांत अनुक्रमे साडेतीन, सात, साडेदहा आणि चौदा ग्रॅम खाण्याचा सोडा भरला आहे. फुगे बाटल्यांच्या तोंडांवर चढवून उलटे केले की फसफसून कार्बन डायऑक्साइड वर येतो. दुसरा फुगा पहिल्याच्या जवळपास दुप्पट वायू धरतो. तिसरा आणि चौथा मात्र दुसऱ्याइतकेच फुगून थांबतात. सोडा दुप्पट घातला तरी फुगा का वाढला नाही, असे विचारताच तीन-चार आवाज एकदम येतात: व्हिनेगर संपले. एक मुलगा चौथ्या बाटलीत आणखी व्हिनेगर ओततो आणि ती पुन्हा फसफसते. पहिल्या बाटलीत तेच ओतल्यावर काहीच घडत नाही. तिला सोडा हवा असतो.

खत कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या वडिलांकडून ऐकलेली गोष्ट एक मुलगी पुढे करते. तिथे तर वायू एकास तीन या प्रमाणातच सोडतात, तरी सगळ्याचा अमोनिया होत नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे. ही अभिक्रिया उलट दिशेनेही चालत असल्यामुळे, भारी दाब आणि लोहाचे उत्प्रेरक असूनही, एका फेरीत वायूंचा थोडाच भाग अमोनियात बदलतो. अमोनिया थंड करून द्रवरूपात वेगळा काढतात आणि उरलेला वायू पुन्हा आत सोडतात. हा मुद्दा शिक्षिकांनी पुढच्या आठवड्याच्या खेळात घेतला आहे. त्या फेरीत प्रत्येक कारखान्याने भरलेल्या पत्त्यांपैकी पाचवा हिस्साच अमोनिया होईल, बाकीचे पत्ते परत मिळतील, आणि किती फेऱ्यांनंतर नवा माल भरायचा हे प्रत्येक गटाने आपले आपण ठरवायचे आहे.