वडगावची अक्का, शेजारचे माग आणि गणपतीतली डॉल्बी

बेळगावातल्या वडगावच्या या गल्लीत शिरलात की आधी मागांचा खडखडाट कानावर पडतो. घराघरात पॉवरलूम, साड्यांची कामं, सकाळी जे सुरू होतं ते रात्रीपर्यंत. आणि त्यातल्याच एका घराच्या मागच्या खोलीत राहतेय ही, सात फुटांची बोआ, म्हणजे भक्ष्याला विळख्यात आवळणारा मोठा साप. मूळ जात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. मादी आहे आणि अंगानं दांडगी, म्हणून घरात सगळे तिला अक्का म्हणतात.

आधी कायद्याचं उरकून घेऊया. आपल्याकडचा अजगर, नाग, धामण यातलं काही घरात ठेवायचं नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो सरळ गुन्हा आहे. उसात सापडला म्हणून पिंपात घालून ठेवला, असलं चालत नाही, वन खात्याला फोन करायचा. बोआ परदेशी, पण साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतली, त्यामुळे 2022 च्या दुरुस्तीनंतर तिची नोंदणी लागते, 2024 ला त्याचे नियम आले आणि अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायचा. अक्काचे कागद खोलीच्या दारामागं फाइलमध्ये लावून ठेवलेत.

आता पेटी बघा. सुताराकडून करून घेतलीय, प्लायवूडची, पुढं सरकत्या काचा, लांबी आठ फूट. एवढी मोठी कशाला, साप तर वेटोळं करूनच बसतोय की, असं येणारा प्रत्येकजण म्हणतो. पण रात्री लाइट बंद झाल्यावर अक्का या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होऊन पडते, सापाला अंग पूर्ण ताणायला जागा लागते, आणि लहान टबात ठेवलेला साप शांत दिसतो तो सुखात असतो म्हणून नव्हे, त्याला दुसरं काही करताच येत नाही म्हणून. हे माझं स्पष्ट मत आहे, टबवाल्यांना राग आला तर येऊ दे.

पेटीच्या एका बाजूला ऊब, साधारण 31-32 डिग्री, दुसरीकडं 25-26. बेळगाव अडीच हजार फुटांवर, डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, त्यात करंट गेला की पंचाईत, म्हणून हीटर थर्मोस्टॅटवर आणि थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर. लपायला खोके मात्र दोन, दोन्ही बाजूंना एकेक. एकच खोका थंड बाजूला ठेवला तर सापाला निवड करावी लागते, ऊब घेऊ की लपून राहू, आणि घाबरलेला साप लपणंच निवडतो, मग पोटात उंदीर आणि अंग थंड, खाल्लेलं पचत नाही, दोनतीन दिवसांनी उलटून बाहेर. मालक म्हणतो साप माजलाय. माजला कुठला, खोका चुकीच्या जागी आहे.

टेन्शन आलेला साप ओरडत नाही, चेहरा पाडत नाही, त्यामुळे बघायचं ते त्याच्या वागण्याकडं. नाक काचेला घासत तासन् तास फिरणं, सारखं लपून राहणं, खाणं सोडणं, हात पेटीत गेला रे गेला की मान एसच्या आकारात मागं घेऊन फुसफुसणं, कात तुकड्यातुकड्यानं निघणं. कातीच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, तेव्हा तिला नीट दिसत नाही, त्या दिवसांत हात लावायचाच नाही. यातलं एखादं लक्षण एखाद्या दिवशी दिसलं तर घाबरायचं कारण नाही, पण तेच सारखं दिसतंय का हे कळावं म्हणून दादा, म्हणजे अक्काला सांभाळणारा, वही ठेवतो. कधी खाल्लं, कधी शी केली, कात कधी टाकली, सगळं तारखेनं. ‘डॉक्टरांना काय सांगणार ओ नाहीतर, ही काय बोलालीय होय?’

आता माग. सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदा नाही, पण बहिरा म्हणाल तर तसाही नाही. खालचा जबडा जमिनीला टेकलेला असतो, कंपनं तिथून हाडामार्गे आतल्या कानाला जातात, हवेतला खर्जातला आवाजही कळतो. कॅमेरा जरा खाली घेतो, पेटीच्या पायाखाली हे बघा, रबराचे जाड तुकडे, आणि पेटी मागांच्या भिंतीपासून लांब, समोरच्या भिंतीला सरकवलेली. रोजच्या एकसारख्या थरथरीला ती सरावलीय, मागांच्या आवाजात खुशाल पडून असते. पण अचानक कुणी दार आपटलं की जीभ आत, मान मागं.

नुसता त्रास कमी करून भागत नाही, काहीतरी उद्योग पण पाहिजे. हा पेरूचा जाड फांदा, घासून धुऊन कडक उन्हात वाळवून बसवलाय, एवढी जड होऊनही ती चढते. पाण्याचं घमेलं ती पूर्ण बसेल एवढं. कोपऱ्यात वाळका पाला, कधी साड्यांच्या खोक्याला भोक पाडून आत ठेवतो. एकावेळी एकच गोष्ट बदलायची बरं का, हौसेनं एका दिवसात सगळी पेटी नवी केलीत तर तिच्यासाठी ते दुसऱ्याच्या घरात जाऊन पडण्यासारखं. आणि हे सगळं हौशी लोकांच्या डोक्यातलं खूळ नाही, 2021 च्या एका अभ्यासात कॉर्न स्नेक जातीच्या सापांना साधी आणि सजवलेली अशा दोन जागा दिल्या, तर त्यांनी सजवलेली पसंत केली.

सगळ्यात भारी खायचा दिवस. उंदीर मेलेलाच, फ्रीजरमधला, कोमट पाण्यात गरम केलेला, कारण जिवंत उंदीर सापाला चावून जबर जखमी करतो. दादा तो सरळ तोंडापुढं धरत नाही, फांद्यावरून, पाल्यातून घासत नेतो आणि खोक्यामागं ठेवतो. मग अक्का निघते. जीभ आतबाहेर, थांबते, परत मागं येते, वास टाळूतल्या अवयवापर्यंत पोचवत माग काढत जाते, बघायला वीसेक मिनिटं जातात आणि कंटाळा येत नाही. पकडला की दादा लांब चिमट्यानं उंदीर हळूच हलवतो. बोआला विळख्यातल्या भक्ष्याच्या हृदयाचे ठोके कळतात, 2012 च्या प्रयोगात मेलेल्या उंदरात नकली ठोके चालू ठेवले तर बोआंनी जास्त वेळ आवळलं. हलवलं की अक्कापण आवळते, अंगाला व्यायाम होतो. नंतर दोन दिवस तरी तिला उचलायचं नाही. एरवी उचलताना पण आधी साप उचलायच्या हुकनं पाठीला हलका स्पर्श, म्हणजे तिला कळतं, आज जेवण नाही.

नागपंचमीला शेजारच्या काकी वाटीत दूध घेऊन आल्या होत्या. सापाला दूध पचत नाही हे सांगितलं, काकी म्हणाल्या, ‘मग चहा करा की आम्हाला त्याचा.’ झाला चहा. वाढदिवसाला गळ्यात घालून फोटो पाहिजे म्हणणारी पोरं मात्र इतक्या सहज ऐकत नाहीत.

आता गणपती जवळ आलेत. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि डॉल्बीचा बेस छातीत जाणवतो, मग जबडा जमिनीला टेकलेल्या जनावराचं काय होत असेल. पोटात जेवण असताना अशी घाबरली तर उलटी व्हायची भीती, म्हणून चतुर्थीच्या आधीचं जेवण लवकर, मध्ये काही नाही, पुढचं विसर्जनानंतर सगळं शांत झाल्यावर. मोठ्या बोआला एवढा उपास काहीच नाही. पुढच्या खिडकीला गोधडी अडकवायची, खोके तेच, फांदा तोच, या दिवसांत पेटीत नवीन काहीही ठेवायचं नाही. दादानं वहीत आत्ताच लिहून ठेवलंय, आणि खाली मोठ्या अक्षरात पोरांसाठी: पाहुणे आले तरी काच उघडायची नाही.