तो वाघ कुणाकडे बघतोय?

गेली २२ वर्षं मी प्रदर्शनात माझ्या चित्रांशेजारी खुर्ची टाकून बसत आले. यंदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे नवी चित्रं झाली नाहीत. म्हणून मुंबईतल्या त्याच वन्यजीव-चित्रांच्या प्रदर्शनाला नुसती बघायला गेले. आपली भिंत नसली की किती फरक पडतो! एरवी माझ्या चित्रापुढे कोण थांबतंय याकडेच अर्धा जीव लागलेला असतो. यंदा पहिल्यांदा दुसऱ्यांची चित्रं पोटभर पाहिली.

पहिल्या दालनात मी वाघ मोजले. १९ भरले, आणि त्यातले १४ थेट समोर रोखून बघणारे. बराच वेळ त्यांच्यापुढे उभी राहिले तेव्हा मनात आलं, हे बघतायत कुणाकडे? तर जिप्सीकडे. सफारीच्या गाडीतून कुणीतरी लांब लेन्स लावून फोटो काढला, गाडीचा आवाज झाला म्हणून वाघानं मान वळवली, आणि त्या फोटोवरून चित्र झालं. मागचं बांबूचं बन लेन्सनं पुसट केलं होतं, चित्रकारानं ते काळ्या रंगात बुडवून टाकलं. मीही अशी चित्रं केली आहेत, विकली आहेत, त्यावर घर चालवलं आहे. म्हणून हे मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही, मला ते लागलं म्हणून सांगतेय. दुसऱ्या वाघानं झाडाच्या खोडावर सोडलेला वास घेताना वाघ ओठ मागे ओढतो, नाकाला सुरकुत्या पाडतो, दात दिसतात. फोटोत तेवढाच क्षण येतो आणि चित्रात तो डरकाळी होतो. खोडच काढून टाकलं, तर बघणाऱ्याला कळणार तरी कसं?

त्या वाघांपुढे मला एक जुनं चित्र आठवलं. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून काही अपूर्व प्राणी घेऊन त्याच्याकडे गेला. त्यात एक टर्की होता. बादशहानं आपल्या आठवणींत त्याचं वर्णन केलंय, डोक्या-मानेवरचं मांस सरड्यासारखे रंग कसं बदलतं, तेसुद्धा. नुसतं ऐकून वाटणारं नवल पाहून आणखी वाढावं, म्हणून त्यानं त्या प्राण्यांची चित्रं काढून घेतली. टर्कीचं जे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, ते जहांगीरच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याचं मानतात. त्याची पार्श्वभूमीही जवळजवळ कोरीच आहे. पण कोरी जागा सोडलेली असणं वेगळं आणि जंगल पुसून टाकलेलं असणं वेगळं. त्या पक्ष्याच्या गळ्याखालची लोंबती कातडी बघा, पिसांची ओळ न् ओळ बघा. हा माणूस त्याच्यासमोर बसला होता, हे सांगावं लागत नाही.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी मी रानपिंगळा रंगवला होता. हे घुबड नामशेष झालं असं समजत होते, ते १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. मला त्याचं फार अप्रूप. पण मी सागाच्या रानात न जाता आमच्या आवारातल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या रेखाटनांवर काम भागवलं. मेळघाटात नोकरी केलेले एक वनरक्षक प्रदर्शनाला आले होते. चित्राकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, ह्याच्या डोक्यावर एवढे ठिपके नसतात. आणि हा दिवसाढवळ्या बसलेला दिसतो, शेपटी अशी इकडून तिकडे झटकतो." बोटानं त्यांनी ती शेपटी हलवून दाखवली. मी चित्र त्याच संध्याकाळी भिंतीवरून उतरवलं. ते बोट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

यंदा शेवटच्या दालनात, दाराच्या मागे, वहीच्या पानाएवढं एक जलरंगातलं चित्र होतं. भुरकं माळरान, खुरटं गवत, मेंढ्यांच्या लेंड्या, आणि मधोमधही नाही, एका कडेला, आपल्याकडे पाठ करून उभा धाविक, माळावर धावणारा छोटा पक्षी. पळता पळता थबकून ताठ उभं राहायची त्याची सवय अचूक धरली होती. मी सवयीनं आधी पाय बघितले. बोटं तीनच, मागचं बोट नाही. बरोबर. माणसं दारातून आत येत होती आणि सरळ वाघांकडे जात होती.

चित्र काढणारी मुलगी सासवडकडची होती, विशीतली. मी विचारलं, इतक्या जवळून कसा बघायला मिळाला? म्हणाली, "मेंढरांमागं बसायचं, मावशी. मेंढरं असली की तो उठत नाही. मेंढक्यांनी तीन सकाळी बसू दिलं मला."

मी चित्र घेतलं. खालच्या पट्टीवर चित्र विकलं गेल्याची लाल टिकली लावताना मी तिला म्हटलं, गवतातले हे पांढरे दगड छान आलेत, नजर आत जाते. ती म्हणाली, "दगड नाहीत ते. प्लॉट पाडलेत. चुना लावून खुणा केल्यात."