सांगलीच्या वरातीत वाजणारी बोलिव्हियाची चाल

आधी ही चाल ऐका. सांगलीत वरात निघाली की बेंजोवाले ही घेतातच, कीबोर्डवर पहिले सूर पडले की मागची पोरं पुढं येतात, आणि हे कुठलं गाणं म्हणून कुणालाही विचारा, उत्तर एकच, 'घायल'मधलं. सनी देओलचा 'घायल', १९९०, संगीत बप्पी लाहिरी. त्यात आवाज आशाताईंचा, आणि आशाताईंचा जन्मच सांगलीतला, १९३३चा, म्हणजे गाणं आपल्या घरचंच की.

पण 'घायल'च्या एक वर्ष आधी हीच चाल सगळ्या युरोपात धुमाकूळ घालत होती. काओमा हा फ्रान्सचा ग्रुप, गाणं 'लंबाडा', गायिका ब्राझीलची लोआल्वा ब्राझ. समुद्रकिनाऱ्यावर नाचणारी दोन लहान मुलं असलेला तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. बप्पीदांनी चाल उचलली ती इथनं, हे तर खूप जणांना माहितीय, आणि बहुतेक लोक इथंच थांबतात.

आपण थांबायचं नाही. अजून मागं जायचं, १९८१ला, बोलिव्हियातल्या कोचाबांबा भागात. लॉस कार्कास नावाचा ग्रुप, आणि त्यातले गोन्झालो आणि उलिसेस हर्मोसा हे दोघे भाऊ, गाणं यांचं. नाव 'योरांदो से फुए'. हे विरहाचं गाणं आहे हो, नाचायचं म्हणून केलेलंच नाही! शेजारी शेजारी बांधलेल्या नळ्यांचे पावे, ढोल, आणि चारांगो नावाचं छोटंसं तंतुवाद्य, ज्याची पाठ पूर्वी आर्माडिलो या प्राण्याच्या कवचाची करायचे, आपल्या मिरजेत सतारीला भोपळा लावतात तसं. सूर अगदी तेच, जे आपल्याला पाठ आहेत, पण लय संथ, आणि ऐकताना पोटात कालवतं.

मग ते नाचाचं झालं कधी? १९८४ला पेरूच्या क्वार्तेतो कॉन्तिनेन्ताल या ग्रुपनं ते कुंबिया या लॅटिन अमेरिकेतल्या नाचाच्या ठेक्यात घेतलं आणि पाव्याच्या जागी ॲकॉर्डियन आणला, आणि मला विचाराल तर सगळा खेळ या ॲकॉर्डियननं फिरवला, कारण आज आपला बेंजोवाला कीबोर्डवर जो तुकडा वाजवतो तो ऐकताना आठवतो तो हाच ॲकॉर्डियन. १९८६ला ब्राझीलच्या मार्सिया फेरेरानं त्यावर पोर्तुगीज शब्द गायले. काओमानं चाल बोलिव्हियाची घेतली, ॲकॉर्डियन पेरूचा घेतला, शब्द ब्राझीलचे घेतले, आणि रेकॉर्डवर नाव छापलं शिको दे ओलिवेरा. असा कुणी माणूसच नव्हता, ते फ्रेंच निर्मात्याचं टोपणनाव होतं.

याचा मला मनापासून राग येतो. चाल घेऊन गाणं पुढं नेण्यात काही वाईट नाही, पेरूवाल्यांनी ठेका बदलला नसता तर ती आपल्यापर्यंत आलीच नसती, बप्पीदांनी घेतली नसती तर सांगलीच्या चौकात वाजली नसती. पण ज्यानं ती बांधली त्याचं नाव पुसायचं कशासाठी? हर्मोसा भावांना आपल्याच गाण्यासाठी कोर्टात जावं लागलं. ते जिंकले, पण तोपर्यंत जग त्या चालीला लंबाडा म्हणायला लागलेलं. उलिसेस तर १९९२लाच गेले.

२०११ला अमेरिकेची गायिका जेनिफर लोपेझचं 'ऑन द फ्लोअर' आलं, रॅपर पिटबुलसोबत, परत तीच चाल, परत जगभर. फरक एवढाच की यावेळी गीतकार-संगीतकारांच्या यादीत गोन्झालो आणि उलिसेस हर्मोसा ही दोन्ही नावं आहेत.

आता १९८१चं मूळ रेकॉर्डिंग लावतोय, आवाज वाढवा, आणि पडद्यावर नावं येतायत ती वाचा: गोन्झालो हर्मोसा, उलिसेस हर्मोसा, कोचाबांबा, बोलिव्हिया.