ॲलर्जीची सर्दी आणि चेहऱ्याचे दुखणे

कपाळावर, भुवयांच्या मध्ये किंवा गालफडांत जाणवणाऱ्या ज्या दुखण्याविषयी आज मी बोलणार आहे, त्याचे मूळ पुष्कळदा दुखते त्या जागी नसतेच. चेहऱ्याच्या हाडांत नाकाभोवती पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांनाच आपण सायनस म्हणतो. त्यांचे अस्तर सतत थोडा पातळ स्राव तयार करते आणि अस्तरावरचे सूक्ष्म तंतू तो स्राव एका लहानशा छिद्राकडे ढकलत नेऊन नाकात सोडतात. गालातल्या पोकळीचे छिद्र तर तळाशी नसून वरच्या अंगाला आहे, त्यामुळे उभ्या माणसात तिचा निचरा गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चालतो. छिद्र अवघे काही मिलिमीटरांचे. भोवतीचे अस्तर जरासे सुजले तरी वाट बंद होते.

ॲलर्जी ही सूज आणते. ज्या पदार्थाचे शरीराला वावडे आहे तो नाकात शिरला की काही मिनिटांत अस्तरातल्या पेशी हिस्टामिन सोडतात. शिंका, खाज आणि पाण्यासारखे नाक वाहणे हा त्याचा परिणाम. पण याची दुसरी फेरी काही तासांनी येते, आणि तिच्यात शिंका कमी व सूज जास्त असते. सकाळचा शिंकांचा सपाटा थांबल्यावर दुपारी नाक चोंदून चेहरा जड का होतो, याचे उत्तर इथे आहे. छिद्र मिटले की पोकळीतली हवा हळूहळू शोषली जाते, आतला दाब घटतो, स्राव साचतो आणि खाली वाकताना ठणका वाढतो.

आपल्याकडे या ॲलर्जीचे मोठे कारण म्हणजे गाद्या-उशांत राहणारे धुळीतले अतिसूक्ष्म किडे, विशेषतः त्यांची विष्ठा. दमट हवा त्यांना मानवते, म्हणून कोकणात आणि मुंबईत पावसाळा त्यांचा हंगाम असतो; भिंतींवरची बुरशी त्यात भर घालते. देशावर गाजरगवताचे परागकण आहेतच. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे परदेशी तण आता कुठे नाही, हे सांगणे कठीण.

आता ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः हे व्याख्यान आहे, त्याकडे येतो. ॲलर्जीच्या सर्दीने येणारे दुखणे बहुधा मंद, दाबल्यासारखे असते. डोके फुटेल असे दुखत असेल, मळमळत असेल, उजेड नकोसा होत असेल आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटत असेल, तर ती अर्धशिशी असण्याची शक्यता जास्त, मग नाक चोंदलेले का असेना. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसे सांगितलेल्या २,९९१ जणांना तपासले गेले. त्यांतल्या ८८ टक्के लोकांचे दुखणे अर्धशिशीच्या प्रकारचे निघाले. सायनसचे अस्तर आणि मेंदूची आवरणे या दोहोंची संवेदना मुख्यतः एकाच मज्जातंतूकडे असते, आणि अर्धशिशीच्या झटक्यात त्याच जाळ्यातून नाक चोंदते, डोळ्यांना पाणी येते. त्यामुळे रुग्ण फसतो, आणि स्पष्टच सांगायचे तर डॉक्टरही फसतात. वरच्या दाढांची मुळे गालातल्या पोकळीला लागून असल्यामुळे किडलेली दाढही हेच सोंग आणते.

पिवळा-हिरवा शेंबूड दिसला की प्रतिजैविके मागण्याची आपली सवय मला चिंतेची वाटते. रंगावरून जीवाणू ठरत नाहीत. त्रास दहा दिवसांनंतरही ओसरला नाही, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा उसळला, तर त्यांचा विचार करावा.

ॲलर्जीवर मुख्य औषध म्हणजे नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. तो वेदनाशामक नव्हे. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि दोन दिवसांत सोडून देणाऱ्यांना तो निरुपयोगी वाटतो. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे न वळवता बाहेरच्या बाजूला, असा तो मारावा. नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर औषध उतरताच नाक अधिकच चोंदू लागते आणि त्यांचीच सवय जडते. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा, म्हणजे जलनेतीचा, उपयोग होतो, पण पाणी उकळून गार केलेलेच हवे. वाफेला आपल्याकडे तिच्या लायकीपेक्षा जास्त मान आहे. तिने घटकाभर बरे वाटते, आणि मुले भाजतात ते वेगळेच.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, गाल बधिर होणे किंवा नाकात काळी खपली, विशेषतः मधुमेही माणसात, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२१ साली म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, महाराष्ट्राला याची किंमत दाखवली आहे. राहिली शस्त्रक्रिया. दुर्बिणीतून ही छिद्रे रुंद करता येतात आणि योग्य रुग्णाला त्याचा चांगला फायदा होतो, मात्र तिने ॲलर्जी जात नाही, म्हणून फवारा शस्त्रक्रियेनंतरही चालू ठेवावा लागतो.