चेनवरचा लोडर : काम खालून सुरू होतं

(दृश्य : उघड्यावर उभा जुना लोडर. कॅमेरा बकेटवरून मागे सरकत चेनपाशी येतो.)

जुना लोडर, म्हणजे पुढच्या बकेटने माती उचलून भरणारं यंत्र, बघायला आलेला माणूस पहिल्यांदा इंजिनाकडे जातो. तेलाची काडी ओढून बघतो, धुराचा रंग बघतो, आवाज ऐकतो. खरं तर आधी बघायचं ते खाली. यंत्र चाकांऐवजी ज्यावर चालतं ती चेन, तिला फिरवणारं मागचं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट, पुढचं बिनदातांचं चाक म्हणजे आयडलर, वरचे आणि खालचे रोलर. चेनवर चालणाऱ्या यंत्राच्या देखभालीचा निम्म्याच्या आसपास खर्च या भागावर होतो. इंजिन खणखणीत असूनही चेन संपली म्हणून कितीतरी लोडर भंगारात जातात, आणि त्यातले बरेच वेळेवर मोजमाप केलं असतं तर अजून काम करत असते.

(दृश्य : जुन्या नामपट्टीवरचा गंज आणि रंगाचे थर, क्लोजअप.)

या यंत्रांचा जन्म जोडकामातून झाला. अमेरिकेत मिलवॉकीची ट्रॅक्सन कंपनी कॅटरपिलरच्या ट्रॅक्टरांना पुढे बकेट जोडून देत असे. १९५१ मध्ये कॅटरपिलरने ती कंपनी घेतली. १९५३ मध्ये 'नंबर ६' हा मुळातच लोडर म्हणून घडवलेला नमुना आला आणि १९५५ मध्ये ९३३, ९५५ आणि ९७७. इंजिन पुढे, चालक मागे, वळायला दोन बाजूंना दोन क्लच आणि दोन ब्रेक. १९८१ मध्ये ९७३ आला, त्यात इंजिन मागे गेलं आणि हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह, म्हणजे तेलाच्या दाबाने चेन फिरवणारी रचना, आली. इथे दिसतोय तो त्याआधीच्या घडणीचा लोडर. त्याचा प्रत्येक भाग पान्याने उघडतो, हाताने तपासता येतो आणि बहुतेक भाग दुरुस्त होतो.

(दृश्य : पाण्याचा जोरदार फवारा. रोलरमधून मातीचे गठ्ठे सुटून पडतात.)

पहिलं काम धुण्याचं, आणि ते घाईत उरकायचं नाही. रोलर आणि फ्रेमच्या मधे दाबून बसलेली माती वाळली की दगड होते. रोलर फिरायचा थांबतो, चेन त्याच्यावरून घासत जाते आणि रोलर एका बाजूने सपाट होतो. स्प्रॉकेटच्या दातांत माती भरली की बुश, म्हणजे चेनच्या सांध्यातल्या पिनेवरची नळी, तळाशी बसत नाही, चेन ताणली जाते. कामाची पाळी संपताना फावड्याने खालची माती काढणं हा या यंत्राचा सगळ्यात स्वस्त स्पेअर पार्ट आहे. स्वच्छ झाल्यावरच तेल कुठून गळतंय ते दिसतं, तडे दिसतात, सैल बोल्ट दिसतात.

(दृश्य : चेनवर खडूच्या खुणा, मेजरिंग टेप, मग कॅलिपर.)

आता मोजमाप. चेन आधी ताणून घ्यायची. मागच्या बाजूला एक जुनी पिन चेन आणि स्प्रॉकेटच्या दातामधे ठेवायची आणि यंत्र हळूच मागे घ्यायचं, म्हणजे वरचा पदर ताठ होतो. मग एका पिनेच्या कडेपासून पुढच्या चौथ्या पिनेच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत अंतर घ्यायचं आणि चाराने भागायचं. मास्टर पिन, म्हणजे जी काढून चेन उघडते ती, या मापात धरायची नाही. आलेला आकडा मॅन्युअलमधल्या नव्या चेनच्या आणि झिजेच्या हद्दीच्या आकड्याशी ताडून बघायचा.

चेन 'लांबते' असं म्हणतात, पण लोखंड काही ताणलं जात नाही. आत पिन बाहेरून झिजते, बुश आतून झिजतो, आणि प्रत्येक सांध्यात थोडा खेळ येतो. तो खेळ चेनच्या प्रत्येक सांध्यात जमा होत जातो. मग बुश स्प्रॉकेटच्या दातांच्या खोबणीत नीट न बसता दाताच्या उतारावर चढतो, दात टोकाकडे झिजून अणकुचीदार होतात. म्हणून जुन्या चेनवर नवा स्प्रॉकेट चढवला तर तोही लवकर जातो. दोन्हीची मापं एकत्रच बघायला हवीत.

बुशचा बाहेरचा व्यास कॅलिपरने घ्यायचा, जिथे स्प्रॉकेट घासतो त्या दिशेने. लिंकची, म्हणजे चेनच्या बाजूच्या कडीची, उंची डेप्थ गेजने, जमिनीला टेकणाऱ्या प्लेटपासून रोलर फिरतात त्या वरच्या धावेपर्यंत. ही धाव आणि रोलर दोन्ही झिजले की रोलरची कड थेट लिंकच्या पिनेभोवतालच्या फुगवट्यावर आदळायला लागते. त्या टप्प्याला पोचलेली चेन वाचत नाही.

(दृश्य : प्रेसवर पिन सुटते. झिजलेली बाजू हातात फिरवून कॅमेऱ्याला दाखवतात.)

इथे बघा. पिनेची ही बाजू गुळगुळीत खोलगट झालीय, पाठीमागची बाजू मात्र जवळपास नव्यासारखी. बुशचंही तसंच. ही झीज एकाच बाजूला होते, म्हणून पिन आणि बुश प्रेसने काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवता येतात. यालाच पिन-बुश टर्निंग म्हणतात. कोरड्या, म्हणजे सांध्यात तेल न भरलेल्या, चेनला याने दुसरं आयुष्य मिळतं, आणि नव्या चेनपेक्षा कितीतरी कमी खर्चात. अट एकच, वेळ साधायला हवी. बुशची भिंत फार पातळ झाल्यावर फिरवला तर तो कामावर तडकतो. याला शंभर टन किंवा त्याहून जास्त दाब देणारा ट्रॅक प्रेस लागतो. घणाने ठोकून हे काम करू नये, लिंकची भोकं मोठी होतात आणि मग पिन आतच फिरू लागते.

टर्निंगच्या वेळीच स्प्रॉकेटचाही विचार करावा. या यंत्रांच्या बहुतेक स्प्रॉकेटच्या दातांची संख्या विषम असते. एका फेरीत बुश एकाआड एक दात धरतो, पुढच्या फेरीत उरलेले, त्यामुळे झीज वाटली जाते. दात झिजले असतील तर जुना घेर कापून नवा घेर वेल्ड करतात. वेल्डिंग समोरासमोर आळीपाळीने, थोडं थोडं. एकाच बाजूने सलग वेल्ड केलं तर घेर वाकडा होतो आणि चेन लचकत चालते.

(दृश्य : चेन उघडणं. यंत्राखाली लाकडी ठोकळे.)

चेन उतरवायची तर मास्टर पिन आयडलरच्या पुढ्यात साधारण मध्यावर आणायची. तिच्या टोकाला खूण असते, ती आधी साफ करून शोधायची. खालच्या प्लेटला लाकडी ठोकळ्याचा आधार, म्हणजे पिन सुटल्यावर चेन अंगावर कोसळत नाही. दिशा खडूने मांडून ठेवायची, उलटी बसवलेली चेन लवकर झिजते. त्याआधी ताण सोडायचा. ग्रीसचा अॅडजस्टर असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह एका आट्यापेक्षा जास्त सैल करायचा नाही आणि समोर उभं राहायचं नाही. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. आयडलरमागची धक्के झेलणारी रिकॉइल स्प्रिंग तर तिला दाबून धरणाऱ्या योग्य जिगशिवाय उघडूच नये. तिच्या बोल्टाला गॅसकटर लावून माणसं दगावली आहेत.

(दृश्य : उघडलेला रोलर. दोन धातूच्या कड्या आणि दोन रबरी कड्या, पांढऱ्या कापडावर.)

रोलरमधून तेल गळायला लागलं की आतला सील गेलेला असतो. हा फ्लोटिंग सील आहे. दोन धातूच्या कड्या एकमेकींवर फिरतात आणि त्यांच्या मागे रबरी कड्या स्प्रिंगचं काम करतात. धातूच्या कडीवर आरशासारखी चमकणारी एक बारीक पट्टी दिसते, तिथेच दोन्ही कड्या टेकतात. नव्या सीलमध्ये ती बाहेरच्या कडेला असते आणि झीज होत जाते तशी आत सरकते. पट्टी अगदी आतल्या कडेला पोचली की सील संपला. पट्टीवर ओरखडा दिसला तरी तो बदलायचाच.

बसवताना चूक नेमकी इथे होते. हात तेलकट असतात, आणि रबराला तेल लागतं. रबर कोरडं हवं, त्याची बसायची जागाही कोरडी आणि स्वच्छ. तेलाने रबर घसरतं, कडी तिरकी बसते आणि थोड्याच दिवसांत गळती परत येते. तेलाचा पातळ थर फक्त धातूच्या चमकत्या तोंडांवर. दोन्ही हातांनी सारखा दाब देऊन, कडी सगळीकडे सारखी बसली का ते नजरेने फिरून बघायचं. रोलर जोडल्यावर हवेच्या हलक्या दाबाने गळती तपासायची, मगच तेल भरायचं. सगळी दुरुस्ती ज्या एका गोष्टीवर टिकते, ती ही.

(दृश्य : फायनल ड्राइव्हचा प्लग उघडतो, दुधाळ तेल बाहेर येतं.)

फायनल ड्राइव्हचं, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरांचं, तेल दुधासारखं आलं म्हणजे आत पाणी शिरलंय, सील निकामी. प्लगला चुंबक असेल तर त्यावरची बारीक राखाडी पावडर चालते, पण टोकदार कपची दिसली तर झाकण उघडायचं. तिथे गिअरचा दात किंवा बेअरिंग तुटतंय.

(दृश्य : चालकाच्या समोरचे दोन लांब लेव्हर. मग स्टिअरिंग क्लचचं झाकण उघडतं.)

बरेच दिवस पावसात उभ्या राहिलेल्या यंत्राचा लेव्हर ओढला आणि ते वळलंच नाही, तर कोरड्या क्लचच्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटलेल्या असतात. उलट, ओढ देताना क्लच घसरत असेल तर बहुधा बेव्हल गिअरच्या खोलीतलं तेल सील ओलांडून प्लेटांवर आलेलं असतं. क्लचच्या खोलीला तळाशी ड्रेन प्लग असतो. तो उघडल्यावर तेल आलं तर निदान झालं. जुन्या रीतीत खोली केरोसीनने भरून, यंत्र थोडं चालवून, रिकामी करतात, म्हणजे प्लेटा धुतल्या जातात. पण सील बदलल्याशिवाय हे तात्पुरतंच. क्लचनंतर ब्रेकचा पट्टा आणि लेव्हरचा मोकळा खेळ मॅन्युअलप्रमाणे लावायचा.

उतारावर नुसता क्लच सोडला आणि ब्रेक लागला नाही तर ती बाजू मोकळी धावते आणि यंत्र भलत्याच बाजूला वळतं.

(दृश्य : बकेट वर, ती उचलणाऱ्या यंत्राच्या हातांखाली लोखंडी आधार. सिलिंडरचा क्रोम रॉड, जवळून.)

हायड्रॉलिकवर काम करण्याआधी बकेट जमिनीवर, किंवा यंत्राचे हात वरच ठेवायचे असतील तर खाली ठोस आधार. इंजिन बंद करून लेव्हर हलवायचे, उरलेला दाब निघून जातो. रॉडच्या क्रोमवर खड्डे असतील तर नवं पॅकिंगही कापलं जाणारच, आधी रॉडचं काम करायचं. व्ही आकाराच्या पॅकिंगची उघडी बाजू दाबाकडे, कापलेली टोकं एकाखाली एक न येता सरकवून. बारीक गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. दाबातलं तेल कातडीत शिरलं तर शस्त्रक्रियाच लागते.

बकेटच्या आणि हातांच्या पिनांना दर दहा तासांनी ग्रीस. कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. ग्रीस न मिळालेली पिन भोक अंडाकृती करते, मग वेल्ड भरून लाइन बोरिंग, म्हणजे भोकं एका रेषेत पुन्हा गोल कोरणं, करावं लागतं.

(दृश्य : छोटं पेट्रोल इंजिन दोरीने सुरू होतं, मग मोठं डिझेल धूर सोडत जागं होतं.)

या लोडरवर मोठं डिझेल इंजिन सुरू करायला दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन आहे. ते आधी गरम होऊ द्यायचं. मग डिझेलचं कॉम्प्रेशन सोडून, इंधन बंद ठेवून मोठं इंजिन फिरवायचं, ऑइलचा काटा वर आला की कॉम्प्रेशन आणि शेवटी इंधन. काम झाल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत ते चालू द्यायचं. नाही तर पेट्रोल झिरपून त्याच्या ऑइलमध्ये मिसळतं. डिझेल टाकीच्या तळातलं पाणी रोज सोडायचं. ऑइल बाथ एअर क्लीनरचा गाळ बघायचा, आणि रेडिएटरच्या जाळीतली धूळ आतून बाहेर फुंकायची.

(दृश्य : चेन पुन्हा चढते. आयडलर आणि वरच्या रोलरमधे सरळ पट्टी ठेवून मोजमाप.)

शेवटचं माप ताणाचं. यंत्र थोडं पुढे चालवायचं आणि ब्रेक न मारता आपोआप थांबू द्यायचं. आयडलर आणि वरच्या रोलरवर सरळ पट्टी ठेवून चेन मधे किती खाली लोंबते ते बघायचं. साधारण २५ ते ४० मिलिमीटर, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. हे माप ज्या चिखलात काम करायचं त्याच चिखलात घ्यायचं, कारण माती भरली की चेन आपोआप ताठ होते. फार ताठ चेन पिन, बुश, आयडलर आणि फायनल ड्राइव्हचं बेअरिंग सगळ्यांना एकदम खाते.

प्लेटांचे बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कवर, मग एक तृतीयांश फेरा आणखी. लोडरला दुहेरी कडांच्या प्लेटा असतात, डोझरसारखी एकच उंच कड नसते, कारण लोडर सतत जागेवर वळतो. पहिल्या काही तासांच्या कामानंतर सगळे बोल्ट परत तपासायचे, ताण परत मोजायचा आणि फायनल ड्राइव्हचं नवं तेल एकदा लवकर बदलून प्लगवर काय चिकटलंय ते बघायचं.