निर्वातातली ठिणगी मोजताना

या पात्रातली हवा उपसून दाब 10⁻⁴ पास्कलवर आणलाय. इतक्या विरळ वायूत एका रेणूला दुसरा भेटायला सरासरी साठेक मीटर जावं लागतं, आणि दोन इलेक्ट्रोडांमधली फट आहे जेमतेम 1 मिलिमीटर. तरीही 30-40 किलोव्होल्टला लख्खकन ठिणगी पडते. तिला लागणारी वाफ धातूच पुरवतो.

कॅथोड, म्हणजे ऋण इलेक्ट्रोड, जवळून पाहा. आरशासारखा घासलेला, पण त्यावर सूक्ष्म टोकं आहेतच. 30 किलोव्होल्टला फटीतलं विद्युत क्षेत्र मीटरला 30 मेगाव्होल्ट असतं. टोकापाशी ते शंभर पटींनी वाढू शकतं. तिथून इलेक्ट्रॉन खेचले जातात, टोक तापून वितळतं, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून ठिणगी धावते. मागे उरतो हा काठ उसवलेला खड्डा. पुढची ठिणगी पडेल ती या बदललेल्या पृष्ठभागावर.

म्हणून आधी बघायची ती ठिणगीत ओतली जाणारी ऊर्जा. पुरवठ्यापासून पात्रापर्यंतच्या केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरला साधारण 100 पिकोफॅरड. 3 मीटर केबल 50 किलोव्होल्टला 0.375 ज्यूल साठवते, आणि तेवढी ऊर्जा पृष्ठभाग खराब करायला पुरते. 10 मेगाओहमचा रेझिस्टर पुरवठ्याजवळ लावला तर ती सगळी ठिणगीत जाते. तोच पात्राला खेटून लावला, तर केबलमधून 5 मिलिअँपिअरच्या वर प्रवाह येत नाही.

इलेक्ट्रोड 1 मायक्रॉनच्या डायमंड पेस्टने घासायचे, अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिकंपनांनी धुणाऱ्या टाकीत) आधी अॅसिटोनने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचे. नंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. तेलाच्या वाफेवर चालणारा निर्वात पंप, म्हणजे डिफ्यूजन पंप, इथे टाळलेला बरा, त्या तेलाच्या वाफेचा थर कॅथोडवर बसतो.

व्होल्टेज 1-1 किलोव्होल्टने चढवा, दर पायरीवर पाच मिनिटं थांबा. पहिल्या ठिणग्या कमी व्होल्टेजला पडतात, मग टोकं झिजत आकडा वर सरकतो आणि एका पातळीवर रेंगाळतो. त्यामुळे एका ठिणगीवरून निष्कर्ष काढू नका. ठिणगीआधीचा नॅनोअँपिअरमधला प्रवाहही नोंदवा. हा प्रवाह टोकांतून खेचलेल्या इलेक्ट्रॉनांचाच असेल, तर प्रवाह भागिले व्होल्टेजचा वर्ग, याचा लॉगरिदम 1/व्होल्टेजसमोर मांडला की सरळ रेघ यायला हवी. रेघ येत नसेल, तर प्रवाह बहुधा इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून गळतोय. उतार अचानक बदलला, तर टोक बदललं.

20 किलोव्होल्टच्या पुढे अॅनोडमधून (धन इलेक्ट्रोडमधून) निघणारे क्ष-किरण काचेच्या खिडकीतून बाहेर पडू शकतात. खिडकीवर शिशाची काच हवीच, शेजारी किरणांची मात्रा मोजणारा डोसमीटरही. पुरवठा बंद केल्यावर आधी अर्थिंग रॉड (उरलेला विद्युतभार जमिनीत सोडणारा दांडा) टेकवायचा, आणि तो तसाच अडकवून ठेवून पात्र उघडायचं.