दाव्याआधीची बैठक

श्रोतेहो, नमस्कार.

इचलकरंजीतील एक यंत्रमागधारक आणि त्याला सूत पुरवणारा व्यापारी यांचे नऊ लाखांच्या बिलावरून बिनसले आहे, अशी कल्पना करू. सूत मागावर वारंवार तुटले म्हणून मागधारकाने पैसे अडवले. माल वापरून झाल्यावर तक्रार कसली, असे व्यापारी विचारतो आणि वकिलाला ‘दावा लावा’ म्हणून सांगतो. पण तीन लाख किंवा त्याहून अधिक रकमेच्या व्यापारी वादात, तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीसाठी अर्ज करावाच लागतो. व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात २०१८ साली आलेले कलम १२-अ तसे सांगते, आणि ही पायरी गाळून आलेले वादपत्र नामंजूर होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात स्पष्ट केले.

मध्यस्थ म्हणजे लवाद नव्हे. लवाद निवाडा देतो. मध्यस्थाला तो अधिकारच नाही. तरीही पक्षकार त्याच्यापुढे न्यायाधीशासमोर बसल्यासारखे बसतात आणि चूक कोणाची हे पटवण्यात पहिली बैठक घालवतात. खरे काम पुष्कळदा त्यानंतर, मध्यस्थ प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलतो तेव्हा होते. तेथे मागधारक कदाचित सांगेल की रक्कम नाकारायची नाही, पण हाताशी पैसा नाही. व्यापारी कबूल करेल की हे गिऱ्हाईक तुटलेले त्याला परवडणार नाही. मग बिलात थोडी सूट, उरलेल्या रकमेचे हप्ते आणि पुढच्या मालाच्या तपासणीची अट, असा करार होऊ शकतो. न्यायालय फार तर नऊ लाखांचा हुकूमनामा देईल. पुढच्या हंगामाच्या सुताची व्यवस्था त्याच्या हातात नसते.

अशी कबुली कोणी देतो ती केवळ गुप्ततेच्या भरवशावर. मध्यस्थीत जे बोलले गेले ते पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे तत्त्व २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमातही आहे.

कायद्याने ही वाट २०१८ मध्ये प्रथमच दाखवली असे नाही. न्यायालयात आलेला दावा मध्यस्थीसारख्या मार्गांकडे वळवू देणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ हे २००२ पासून लागू आहे; मात्र त्याच्या मसुद्यात मध्यस्थी आणि न्यायिक तडजोड यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली होती, आणि ती चूक सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये ॲफकॉन्स प्रकरणात दाखवून द्यावी लागली!

माझी तक्रार मसुद्याबद्दल नाही, सवयीबद्दल आहे. समोरचा पक्ष नोटीस मिळूनही फिरकत नाही, कारण बोलायला जाणे म्हणजे बाजू लंगडी असल्याची कबुली, असा समज आहे. वस्तुतः हजर राहिल्याने कोणताही हक्क जात नाही. मध्यस्थीत गेलेला काळ दावा लावण्याच्या कायदेशीर मुदतीतून वगळला जातो. जमले, तर सह्या झालेल्या समझोत्याला लवादाच्या निवाड्याइतके बळ असते. न जमले, तर व्यापाऱ्याच्या दाव्याला प्रयत्न निष्फळ झाल्याचा एक अहवाल तेवढा जोडला जातो. बंद दाराआड मागधारक काय म्हणाला होता, त्याचा एक शब्दही त्यात नसतो.